बारोलोची दुसरी बाटली उघडण्याआधी

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय धरून चाललोय ते तुम्हाला कळेल. तुमचा मित्र इटलीत पीडमाँटला गेला होता. तिथून, सेर्रालुंगा दाल्बा गावातल्या एका कुटुंबाच्या मळ्यातून, त्याने बारोलो या तिथल्या रेड वाइनच्या, २०१६ सालच्या दोन बाटल्या तुमच्यासाठी आणल्या. पहिली तुम्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलीत, दुसऱ्या दिवशी जेवायला बसताना बूच काढलंत, छोट्या ग्लासांत काठोकाठ ओतलीत आणि दोघांनी लगेच प्यायलीत. रंग फिकट विटकरी, वास जवळपास नाहीच, आणि पहिल्याच घोटाला तोंड आवळून आलं. तुमच्या शब्दांत, तासभर उकळलेल्या कोऱ्या चहासारखी लागली. बाटली खराब निघाली असं समजून अर्ध्याहून जास्त वाइन मोरीत गेली. आता दुसरी बाटली सहा जणांच्या जेवणात उघडायची आहे. ती डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात, किती तास आधी ओतावी, ग्लास कुठला घ्यावा आणि पाहुण्यांना चव कशी समजावून सांगावी, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

तासांबद्दल विचारणं साहजिक आहे. वीसेक वर्षं लोकांच्या टेबलावर वाइन वाढतोय, त्यात मला सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न आलाय. पण तुमची अडचण त्याच्या आधीची आहे. पहिल्या बाटलीत बिघाड होता की नव्हता हे तुम्हाला ओळखता आलं नाही. ते ओळखता येत नाही तोवर दुसरी चार तास आधी उघडली काय नि चार मिनिटं आधी उघडली काय, सगळं अंदाजानेच होणार. म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

पहिली बाटली बहुधा ठणठणीत होती. 'बहुधा' का म्हणतो ते पुढे सांगेन. पण तुम्ही ज्या तीन खुणांवरून ती खराब ठरवलीत, त्यातल्या दोन खुणा बारोलोच्या चांगुलपणाच्याच आहेत आणि तिसरी फ्रिजने आणलेली आहे.

रंगाचं बघू. बारोलो पूर्णपणे नेब्बिओलो नावाच्या एकाच द्राक्षापासून करतात, दुसरं द्राक्ष मिसळायला नियमाने बंदी आहे. नेब्बिओलोच्या सालीत रंगद्रव्य मुळात कमी, आणि जे असतं त्यातलं बरंचसं हवेने लवकर बदलणाऱ्या जातीचं. त्यामुळे ही वाइन तरुणपणीही माणकासारखी पारदर्शक दिसते आणि काही वर्षांतच तिच्या कडेला विटकरी, नारिंगी झाक येते. काबर्ने सोव्हिन्यों किंवा शिराझ अशा गडद रेड वाइनची सवय असलेल्या डोळ्याला ती पाणी घातल्यासारखी वाटते. दुसऱ्या एखाद्या द्राक्षाची दहा वर्षांच्या आतबाहेरची वाइन अशा रंगाची निघाली असती तर मीही दचकलो असतो. बारोलोत हा रंग अपेक्षित आहे.

आता तुरटपणा. द्राक्षाची साल आणि बिया यांमधून येणारं टॅनिन नावाचं द्रव्य हे त्याचं मूळ. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड आतून बुळबुळीत, ओलसर राहतं. टॅनिन त्या प्रथिनांना चिकटतं, त्यांच्या गुठळ्या होतात आणि तो ओलावा निघून जातो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जड होते, तीच ही गोष्ट. म्हणजे तुरटपणा चवीपेक्षा स्पर्श जास्त आहे. तो जिभेपेक्षा हिरड्यांवर आणि गालांच्या आतल्या बाजूला नीट कळतो. नेब्बिओलोत टॅनिन भरपूर आणि आंबटपणाही भरपूर असतो, आणि रंग फिकट असल्यामुळे पिणाऱ्याची त्यासाठी तयारीच नसते. त्यातून वाइन थंड असली की तुरटपणा आणखी कोरडा, खरखरीत लागतो. फ्रिजमधून काढलेली बाटली चार-पाच अंशांवर असते. त्या तापमानाला गंधाचे रेणू फारसे वर उठत नाहीत, म्हणून वास 'नाहीच' वाटला. गंध झोपलेला आणि तुरटपणा टक्क जागा, अशा वेळी तुमची तिच्याशी भेट झाली.

मग 'बहुधा' कशासाठी? बुचाच्या एका बिघाडातही वास असाच दबून जातो. बुचात कधीकधी ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचं द्रव्य तयार होतं. स्विस संशोधक हान्स टान्नर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते शोधून काढलं. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम एवढं असलं तरी वाइन बिघडते. जोरात असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास येतो आणि तो कुणालाही कळतो. पण अगदी थोडं असेल तर पुठ्ठ्याचा वास येत नाही, फक्त फळाचा आणि फुलांचा गंध पुसला जातो. अशी वाइन नुसती निर्जीव लागते, आणि पिणाऱ्याला वाटतं की मळाच बरा नसावा. मळेवाल्या कुटुंबावर याहून मोठा अन्याय नाही. म्हणून हा फरक ओळखायला शिकणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

फरक ओळखायचा सोपा मार्ग एकच, वाइन ग्लासात अर्धा तास राहू द्यायची. नुसती मिटलेली, म्हणजे गंध अजून न खुललेली, वाइन १६-१७ अंशांवर आली आणि तिला हवा लागली की दर दहा मिनिटांनी काहीतरी नवीन सांगू लागते. बुचाने बिघडलेली वाइन तेवढ्याच वेळात जास्त वाईट होते, पुठ्ठ्याचा वास पुढे येतो. तुम्ही तुमच्या बाटलीला तो अर्धा तास दिला नाहीत, त्यामुळे निकाल आता लावता येणार नाही. दुसऱ्या बाटलीला मात्र द्या. आणि शंका आली तरी मोरीत ओतू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा वास घ्या.

बाटलीच्या लेबलाकडे एकदा शांतपणे बघा, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर आहेत. 'आझिएंदा आग्रिकोला' असं लिहिलेलं असेल तर ते घर स्वतः द्राक्ष पिकवतं. 'इंबोतिल्यातो आल्लोरीजिने' असेल तर द्राक्ष पिकवण्यापासून बाटलीत भरण्यापर्यंत सगळं त्याच घरात झालंय. बारोलो करायची परवानगी असलेली गावं अकरा आहेत आणि सेर्रालुंगा त्यातलं कणखर गाव म्हणून ओळखलं जातं. पश्चिमेला ला मोर्रा गावाची निळसर चिकण-चुनखडीची माती मऊ, सुवासिक, लवकर खुलणारी वाइन देते. सेर्रालुंगाची माती फिकट, चुनखडीची, मध्ये वालुकाश्माचे थर. तिथल्या वाइनला टॅनिनचा कणा जास्त आणि मुरायला वेळ जास्त. गावाच्या नावाबरोबर लेबलावर एखाद्या टेकडीचंही नाव असू शकतं. अशी अधिकृत नावं २०१० सालच्या पिकापासून वापरात आहेत.

सालही बघा. नियमाप्रमाणे बारोलो पिकाच्या वर्षातल्या १ नोव्हेंबरपासून ३८ महिने मुरली पाहिजे, त्यातले किमान १८ महिने लाकडात. म्हणजे २०१६ची बाटली १ जानेवारी २०२०च्या आधी बाजारात येऊच शकत नव्हती. त्या वर्षी पिकाचा हंगाम लांब आणि संथ गेला, नेब्बिओलो ऑक्टोबरात सावकाश पिकली, आणि वाइन सुगंधी, आंबटपणा राखून असलेली, टॅनिनने भरलेली निघाली. सेर्रालुंगा आणि २०१६ एकत्र म्हणजे अजून तरुण बाटली. वीस वर्षं ठेवली तरी चालली असती. आत्ता उघडणं चूक नाही, पण तिला त्या संध्याकाळी वेळ द्यावा लागेल.

एक गोष्ट लेबलावरून कळणार नाही, ती मित्राला विचारा. त्या घरात वाइन कशात मुरवतात? या प्रदेशात १९८०च्या दशकापासून यावरून घराघरांत भांडणं झाली. जुनी पद्धत हजारो लिटरच्या मोठ्या ओकच्या पिंपांची. नव्या पिढीने फ्रान्ससारखी २२५ लिटरची छोटी नवी पिंपं आणली. तिथले एक वाइन उत्पादक एलिओ अल्तारे यांनी १९८३ साली वडिलांची जुनी मोठी पिंपं करवतीने कापली आणि वडिलांनी त्यांना वारसा नाकारला. दुसऱ्या टोकाला बार्तोलो मास्कारेल्लो यांच्यासारखे जुने उत्पादक शेवटपर्यंत मोठ्या पिंपांवर ठाम राहिले. आज बहुतेक घरं मध्ये कुठेतरी आहेत. तुमच्यापुरता उपयोग एवढाच, की छोट्या नव्या पिंपातली वाइन व्हॅनिला, भाजलेल्या लाकडाचा वास घेऊन येते आणि सुरुवातीला गोलसर लागते. मोठ्या पिंपातली सुरुवातीला कोरडी, अबोल असते आणि उशिरा बोलते. तुमच्या पहिल्या बाटलीच्या वर्णनावरून मला ती दुसऱ्या प्रकारची वाटते, पण तुम्ही ती इतकी थंड प्यायलात की मी पैज लावणार नाही.

आता तापमान. माझ्या मते पाहुण्यांसमोर चांगली रेड वाइन जेव्हा फिकी पडते, तेव्हा दहापैकी सात वेळा कारण तापमान असतं. ग्लास, डिकँटर, वर्षं हे सगळं त्यानंतर. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी हे वाक्य युरोपातल्या जुन्या दगडी घरांचं आहे, जिथे जेवायची खोली १६ ते १८ अंशांवर असायची. तुमच्या खोलीत २८ असतील तर ते वाक्य विसरा. बारोलोत अल्कोहोल किमान १३ टक्के असावं लागतं आणि २०१६ची बाटली १४च्या वर असणार. २५ अंशांच्या पुढे ते अल्कोहोल नाकात झोंबतं, फळ शिजवल्यासारखं लागतं आणि सगळी घडी विस्कटते. खाली १२-१३ला गेलात तर तुरटपणाची भिंत उभी राहते. मी बारोलो १५-१६ला ओततो, कारण ग्लासात ती पंधरा-वीस मिनिटांत दोन-तीन अंश चढतेच, आणि १७-१८ला ती सगळ्यात सुंदर असते.

हे साधायला स्वयंपाकघरातला साधा टोकदार थर्मामीटर पुरे. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा असं सगळे सांगतात. पण २८ अंशांची बाटली अर्ध्या तासात जेमतेम तीन-चार अंश उतरते. १६-१७ला यायला तिला दीड ते पावणेदोन तास लागतात, फ्रिजप्रमाणे थोडं कमीजास्त. घाई असेल तर बर्फ घातलेल्या पाण्यात दहा-बारा मिनिटं, नुसत्या बर्फात नको, कारण बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि गारवा पोचत नाही. फ्रिजमध्ये बाटली उभी ठेवा, फळीवर, दारात नाही. दार उघडताना दर वेळी ती हलते आणि पुढे ज्या साक्याबद्दल सांगणार आहे तो ढवळून निघतो.

साका म्हणजे टॅनिन आणि रंग एकमेकांना चिकटून जड झालेला तळाचा थर. तो अपायकारक नाही, पण तोंडात आला की कडू, वाळूसारखा लागतो आणि वाइनचा नितळपणा जातो. या वयाच्या बाटलीत तो थोडाच असेल. तरी दोन दिवस आधी बाटली आडवीची उभी करून ठेवा, म्हणजे तो खाली बसेल.

तर डिकँटर. तो दोन वेगळ्या कामांसाठी वापरतात आणि लोक ती दोन्ही एकत्र करतात. एक काम वाइन साक्यापासून वेगळी करण्याचं, दुसरं तिला हवा देण्याचं. फ्रान्समधल्या बोर्दोचे प्राध्यापक एमिल पेनो, ज्यांच्यामुळे गेल्या शतकात वाइन करायची पद्धतच बदलली, त्यांचं म्हणणं होतं की साका असेल तरच डिकँट करा आणि तेही वाढायच्या अगदी आधी. कारण हवेने गंध जातो, आणि ज्याला हवा द्यायची त्याने ती ग्लासात फिरवून द्यावी. मी त्यांच्याशी अर्धा सहमत आहे. मुरलेल्या, नाजूक झालेल्या बाटलीबद्दल ते शंभर टक्के बरोबर आहेत. तरुण, मिटलेल्या नेब्बिओलोबद्दल माझा अनुभव वेगळा आहे.

मुरलेल्या बाटलीबद्दलचा धडा मात्र मला एका चुकीतून मिळाला. एका पाहुण्यांनी स्वतःच्या संग्रहातली १९६४ची बारोलो आणली होती. मी तेव्हा नवखा होतो आणि 'बारोलोला हवा लागते' एवढं पाठ केलं होतं. मी ती दोन तास आधी रुंद तळाच्या डिकँटरमध्ये ओतली. ओतताना जो वास आला तो मला आजही आठवतो, वाळलेल्या गुलाबपाकळ्या, पावसानंतरची पालापाचोळ्याची जमीन, आणि मागे कुठेतरी ट्रफल, म्हणजे जमिनीखाली उगवणारं सुगंधी भूछत्र. टेबलावर नेली तोवर त्यातलं काहीच उरलं नव्हतं. आंबट, पातळ चहा. पाहुणे काही बोलले नाहीत, त्यांनी ती शांतपणे संपवली. जितकी वर्षं त्यांनी ती बाटली जपली होती, ती मी दोन तासांत घालवली. त्या रात्रीनंतर मी कुठलीही बाटली चाखल्याशिवाय डिकँटरमध्ये ओतलेली नाही.

आणि हेच मला तुम्हाला सांगायचंय. तासांचा आकडा बाहेरून आणू नका. बाटलीला विचारा.

विचारायचं कसं? समजा जेवण रात्री साडेआठला आहे. दुपारी चारच्या सुमारास बाटली १७ अंशांच्या आसपास आणून ठेवा. वरचा वेष्टणाचा भाग ओठाच्या खालच्या कडेशी कापा, बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा, बूच सरळ वर काढा, बाटली न हलवता. बुचाचा वास घेण्यात फारसा अर्थ नाही, त्याला बुचाचाच वास येतो; ते कोरडं पडून चुरतंय का एवढं बघा. मग ग्लासात जेमतेम ३० मिलिलिटर ओता. ग्लास न फिरवता वास घ्या, मग फिरवून घ्या, मग एक छोटा घोट तोंडात सगळीकडे फिरवा. ग्लास तसाच ठेवा आणि वीस मिनिटांनी परत या.

परत आल्यावर तीनपैकी एक गोष्ट झालेली असेल. गंध वाढलाय, गुलाब, चेरी, किंचित डांबर असं काही समोर येतंय आणि तुरटपणा थोडा सैल झालाय: म्हणजे वाइन हवेबरोबर खुलतेय, पण तिला फार ढकलायची गरज नाही. ग्लासभर काढून बाटली तशीच उघडी ठेवा, साडेआठपर्यंत ती आपली आपण तयार होईल. दुसरी शक्यता, वीस मिनिटांनीही ती घट्ट मिटलेली आहे, फक्त आंबटपणा आणि टॅनिन. मग ती साडेपाच-सहाला डिकँटरमध्ये ओता आणि दर तासाला एक थेंब चाखा. सेर्रालुंगाच्या २०१६बद्दल माझी अपेक्षा हीच आहे. तिसरी, गंध पहिल्यापेक्षा कमी झालाय. तुमच्या बाटलीत हे होईल असं वाटत नाही, पण झालं तर बूच परत लावा, गार जागी ठेवा आणि थेट बाटलीतूनच वाढा.

'ग्लासभर काढून' असं मुद्दाम म्हटलं. नुसतं बूच काढून बाटली चार तास उघडी ठेवल्याने फारसं काही होत नाही. बाटलीच्या मानेत वाइनचा हवेला लागणारा पृष्ठभाग पावणेतीन चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो, नाण्याएवढा. ग्लासभर काढलीत की पातळी खांद्याच्या खाली जाते आणि तोच पृष्ठभाग दहा-बारा पटींनी वाढतो. काढलेली वाइन वाया जात नाही, झाकून ठेवून नंतर परत वापरता येते. पीडमाँटमध्ये मी काही मळ्यांवर गेलो तेव्हा घरच्या माणसांना सकाळी असंच करताना पाहिलं. डिकँटर त्यांनी काढलाच नाही.

डिकँटरमध्ये ओतायची वेळ आली तर मानेमागे मोबाइलचा दिवा धरा आणि एका संथ धारेत ओता, मध्ये थांबून बाटली उभी करू नका, नाहीतर साका उसळतो. धुरासारखी रेघ मानेकडे येताना दिसली की थांबा. शेवटचा अर्धा पेला बाटलीत राहील, राहू द्या. डिकँटर मात्र तासाभरात खोलीइतका गरम होतो, हे लोक विसरतात. मी तो गार पाण्याच्या पातेल्यात ठेवतो.

ग्लासाबद्दल थोडक्यात. मोठा, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद होणारा घ्या, ५०० मिलिलिटरच्या पुढचा. प्रत्येक द्राक्षाला वेगळा आकार हवा हे मला पटत नाही; पातळ काच, रुंद पोट आणि रिकामी जागा एवढं मिळालं की काम होतं. ग्लास पाव भागाहून जास्त भरू नका, वरच्या रिकाम्या जागेतच गंध साठतो, तुमच्या काठोकाठ भरलेल्या ग्लासाला तशी जागाच नव्हती. आणि ओतण्याआधी रिकाम्या ग्लासाचा वास घ्या. कपाटाचा, पुसायच्या फडक्याचा, साबणाचा वास त्यात असतोच. गरम पाण्याने नुसतं विसळून घ्या. किती चांगल्या बाटल्या कपाटाच्या वासाने गेलेल्या मी पाहिल्यात.

७५० मिलिलिटर आणि सहा माणसं, म्हणजे माणशी जास्तीत जास्त १२५. ती एकदम ओतू नका. पहिल्या फेरीत प्रत्येकाला ५० ते ६०, आणि दुसरी फेरी पाऊण तासाने. यात कंजूषपणा नाही. पाहुण्यांना एकाच वाइनची दोन रूपं भेटतात, आणि तेच त्यांच्या लक्षात राहतं. तुम्ही यजमान म्हणून दुपारपासून चाखत असल्यामुळे तुम्हाला तिसरं रूपही माहीत असेल.

पाहुण्यांना चव समजावून सांगायची नाही. मनापासून सांगतो, मी हे खूप वर्षं केलं आणि सोडून दिलं. बारोलोबद्दल डांबर आणि गुलाब हे शब्द इतके रूढ आहेत की ते आधी सांगितले की टेबलावरचा प्रत्येक जण डांबर शोधू लागतो, आणि ज्याला सापडत नाही तो गप्प बसतो. त्याऐवजी ओतताना दोनच गोष्टी सांगा. एक, रंग फिकट असला तरी ही पहिल्या घोटाला तोंड धरून ठेवेल, तर छोटा घोट घ्या आणि मग काहीतरी खा. दुसरी, मळ्याची हकीकत, कोण माणसं आहेत, टेकडीवरून काय दिसतं, मित्राला कुणी बाटली दिली. दुसऱ्या फेरीला फक्त विचारा, मघापेक्षा काही बदललंय का? लोक आपापल्या शब्दांत बोलू लागतात. एकदा एका आजींनी बारोलोला 'जुन्या लाकडी पेटीत ठेवलेली साडी' म्हटलं होतं. त्यापेक्षा नेमकं वर्णन मी आजवर केलेलं नाही.

स्वतः चाखताना तुम्ही मात्र एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. घोट गिळल्यावर तुरटपणा आणि गंध यांतलं आधी काय संपतं? तुरटपणा उरला आणि गंध गेला तर ती अजून तयार नाही, थांबा. तुरटपणा ओसरल्यावरही श्वासात गुलाब, सुक्या चेरी, ज्येष्ठमध असं काही रेंगाळत असेल तर वाढायची वेळ झाली. माझं घड्याळ हेच आहे.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाही, पण तुरटपणाशी त्याचा थेट संबंध आहे. टॅनिनला चिकटायला अन्नातली प्रथिनं आणि चरबी मिळाली की ते लाळेला सोडतं. पीडमाँटमध्ये म्हणून बारोलोबरोबर अंड्याच्या पिवळ्या बलकात मळलेल्या ताजारिन नावाच्या शेवया लोण्यात घोळवून देतात, वाइनमध्येच तासन्‌तास शिजवलेलं गोमांस देतात, कास्तेल्मान्योसारखं मुरलेलं चीज देतात. तुमच्या टेबलावर काय असेल ते तुम्ही ठरवा. लोणी, चीज, अंडं, मांस, मशरूम यांतलं काहीतरी असू द्या. तिखट फार असेल तर अल्कोहोलची आग वाढते, गोड असेल तर वाइन आंबट लागते. पहिला घोट उपाशीपोटी द्यायचा नाही, एवढं तर नक्की पाळा.

शेवटी उरलेल्या वाइनबद्दल. सहा जणांत बाटली संपवायचीच असं धरू नका. एक पेलाभर मागे ठेवा, छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून, घट्ट झाकून, फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तासभर आधी बाहेर काढा आणि एकटे बसून प्या. सेर्रालुंगाच्या तरुण बाटल्या दुसऱ्या दिवशी आदल्या रात्रीपेक्षा जास्त मोकळ्या झालेल्या मी कित्येकदा पाहिल्यात. तसं झालं तर पहिल्या बाटलीत काय होतं याचाही तुम्हाला चांगला अंदाज येईल. नाही झालं, किंवा चारच्या चाखणीत पुठ्ठ्याचा वास आला, तर मला तापमान, वेळ आणि वीस मिनिटांनी काय बदललं ते लिहून कळवा, त्यावरून पुढचं बोलता येईल.